माझ्या पाठीमागची वायर

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी एक जुना लाकडी स्पीकर आहे आणि मी जळका आहे. जुनेपणाची मला लाज नाही. माझ्या कडा झिजल्या आहेत, समोरच्या जाळीचा रंग उडाला आहे, डाव्या कोपऱ्याची वाळवीने एकदा चव घेऊन पाहिली आहे. हे सगळे मी कोणालाही खुशाल दाखवीन. पण जळकेपणा सांगायचा म्हटला की जीभ जड होते. तरीही सांगतो, कारण त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातली घंटा गेली, आणि खरे काय ते फक्त मला ठाऊक होते.

काली शहरातल्या ओब्रेरो वस्तीत, एका ठेंगण्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी उभा आहे. पन्नास वर्षे झाली, जागा बदलली नाही. बदलताच येत नाही, ते का ते पुढे येईलच.

मला घडवले एव्हेलिओने. तो साखर कारखान्यात सुतारकाम करायचा. तेव्हा आमच्या वस्तीत ज्याच्या घरी रेकॉर्ड वाजते त्याच्या दारात रविवारी माणसे जमायची, आणि एव्हेलिओला आपल्या दारात माणसे हवी होती. रेकॉर्ड प्लेअर त्याने मिळवला, ॲम्प्लिफायर जमवला, बंद पडलेल्या एका सिनेमागृहातून परातीएवढा भोंगाही आणला. आता भोंगा बसवायला पेटी हवी होती. तिला जाड, जुने, नीट वाळलेले लाकूड लागते. असे लाकूड घरात एकाच ठिकाणी होते. त्याची बायको नूबिया हिला तिच्या आईने लग्नात दिलेल्या कपाटाचे.

नूबिया बाजारातून परतली तेव्हा तिचे कपडे खुर्चीवर पडले होते आणि कपाटाच्या बरोबर मध्ये गोल भोक होते.

"हे काय करून ठेवलंस?"

"आधी ऐक तर खरं."

"माझ्या आईनं दिलेलं कपाट होतं ते, एव्हेलिओ!"

"होतं. आता ते गाईल. तुझ्या आईला कधी सुरात गाता आलं का?"

तीन दिवस नूबिया त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी रविवार होता. एव्हेलिओने रेकॉर्ड लावली आणि मी आयुष्यातला पहिला आवाज काढला. नूबिया स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी भांडायला आली आणि त्याच ओल्या हातांनी नाचू लागली. भांडण मात्र तिने सोडले नाही. ती मला आजही कपाट म्हणते. कपडे टांगायचे दोन आकडे माझ्या पोटात अजून तसेच आहेत.

एव्हेलिओ सुतार चांगला, पण घाई फार. त्याने मला खोलीतच ठोकून उभा केला आणि मग त्याच्या लक्षात आले की मी आतल्या बोळाच्या दारापेक्षा चार बोटे रुंद आहे. तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीचा कैदी. पण तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. सगळी मजा याच खोलीत होती.

आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांनी फिराव्यात म्हणून बनवलेल्या असतात. आमचे लोक त्या मुद्दाम पंचेचाळीसवर फिरवतात. बाहेरगावचा कोणी आला की म्हणतो, "अहो, चुकीच्या वेगावर लावलीय." आमचे लोक त्याला खुर्ची देतात, मीठ-मध लावलेली चोन्तादुरोची फळे खायला देतात आणि रेकॉर्ड तशीच ठेवतात. गायकाचा आवाज चिमणीसारखा बारीक होतो, पण पाय असे उडतात की पाहणाऱ्याला मोजता येत नाहीत.

आणि घंटा. गाईच्या गळ्यात बांधतात तसली, पण लोलक नसलेली, लाकडाच्या दांडीने वाजवायची. रेकॉर्ड वाजते आहे आणि कोणीतरी तिच्याबरोबर घंटा वाजवतो आहे, असा आमचा रविवार. पंचेचाळीसच्या वेगात घंटा धरून ठेवणे सोपे नाही. एव्हेलिओने घरात नियमच करून टाकला होता. ज्याचा ताल सुटेल त्याने स्वतःहून घंटा पुढच्याच्या हातात द्यायची. कोणी सांगायची वाट पाहायची नाही. या नियमाने कितीतरी जणांच्या हातून घंटा गेली. सर्वांत जास्त वेळा ओल्मेदोच्या. ओल्मेदो हा एव्हेलिओचा शेजारी, बसचालक, जिभेने तिखट. एव्हेलिओच्या हातून मात्र ती कधी गेली नाही. रविवार संपला की तो ती माझ्या उजव्या बाजूच्या खिळ्याला अडकवायचा.

आता माझ्या पाठीकडे या. तिथे दोन स्क्रू आहेत आणि त्यांत ॲम्प्लिफायरकडून आलेल्या वायरीची दोन टोके अडकवलेली आहेत. त्या वायरीतून फिरती माझ्याशी बोलते. फिरती म्हणजे आमचा रेकॉर्ड प्लेअर. घरचे लोक त्याला फिरते टेबल म्हणतात, मी फिरती म्हणतो. सुईच्या टोकावर तिला जे कळायचे ते ती मला सांगायची. फक्त मला. दुसऱ्या घरांतले स्पीकर जोरात हादरले की त्यांचे स्क्रू ढिले होऊन वायर सुटायची. माझी पन्नास वर्षांत एकदाही सुटली नाही. मी ती दातांत धरावी तशी धरून ठेवली होती.

मधल्या काळात मी बरेच सोसले. टेपरेकॉर्डर आला, त्याच्यावर जळलो. टीव्ही आला आणि सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून बसल्या, तेव्हा माझा तिळपापड झाला. आठवड्याचे सहा दिवस नूबिया माझ्या डोक्यावर कुंडी ठेवू लागली. कुंडीचे पाणी माझ्या पोटात झिरपायचे आणि मी मुकाट्याने गिळायचो. पण रविवारी तीन वाजता ती कुंडी उचलली जायची, फिरतीची सुई खाली यायची, आणि मग माझ्यापुढे टीव्हीची काय बिशाद! एव्हेलिओची लेक मार्लेनी माझ्या पायाशी रांगली, माझ्यासमोर नाचायला शिकली. आता ती पंचेचाळिशीची आहे, आईवडिलांजवळच राहते आणि नाचणाऱ्यांच्या पोशाखांना टिकल्या शिवते.

मग एव्हेलिओ अंगणातल्या शेवाळावर घसरला आणि त्याची कंबर मोडली.

वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी निजवून ठेवले. त्याची खोली घराच्या अगदी मागे. मध्ये लांब बोळ, वर पत्रे घातलेले अंगण, पुन्हा वळण. पहिल्या रविवारी मंडळी आली, रेकॉर्ड लागली, मी जीव तोडून वाजलो. मार्लेनी मागे जाऊन आली आणि तिने सांगितले, "बाबांना नुसतं ढुम् ढुम् ऐकू येतंय. गाणं कुठलं ते कळत नाही म्हणतात."

ओल्मेदो म्हणाला, "मग याला उचलून मागे नेऊ या."

चौघांनी मला धरले. मी बोळाच्या दाराशी अडकलो. एव्हेलिओची जुनी घाई आड आली.

"कापू या का थोडं?" कोणीतरी म्हणाले.

"एकदा कापलंय की माझं कपाट," नूबिया म्हणाली. "आता पुरे."

एक लांब वायर ओढून मागे छोटा स्पीकर ठेवायची गोष्ट निघाली, तीही तिनेच मोडली. "बोळात वायर पडली की मी अडखळणार. या घरात एक मोडलेली कंबर बास झाली."

आणि म्हणून तो आला.

मार्लेनीने त्याला पिशवीतून काढले. पपईएवढा. अंगावर काळे कापड, पोटात दिवसभर पुरेल एवढी वीज, डोक्यावर निळा दिवा. वायर नाही! हा बिनवायरीचा, हवेतून ऐकणारा. ज्याला पाठीला स्क्रू नाही, पोटात आकडे नाहीत, ज्याच्यासाठी कोणाच्या आईचे कपाट मोडले नाही, त्याला स्पीकर म्हणायचे! माझ्या पोटात असे दुखू लागले की जाळी थरथरली.

"कसला गोंडस आहे गं," नूबिया म्हणाली.

पन्नास वर्षांत ती मला एकदाही गोंडस म्हणाली नव्हती.

आता फिरती तर हवेतून बोलत नाही. म्हणून मार्लेनीने एक काडेपेटीएवढी डबी आणली होती. फिरतीचे बोलणे त्या डबीत जाणार, डबी ते हवेत सोडणार आणि पपई ते झेलणार. मार्लेनीने फिरतीची वायर ॲम्प्लिफायरमधून काढली आणि सरळ डबीत खोचली. निळा दिवा लुकलुकला. पपईतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "जोडणी झाली." रेकॉर्ड लावली आणि आवाज कसा आला म्हणता? झाकलेल्या डब्यात डास गुणगुणावा तसा.

मला उकळ्या फुटल्या. सुईचे बोलणे मुळात इतके हळू असते की ॲम्प्लिफायरने त्याला मोठे केल्याशिवाय ते कोणालाच ऐकू जात नाही. हे मला पन्नास वर्षे ठाऊक आहे. मार्लेनीला ठाऊक नव्हते. ती आवाजाचे बटण दाबत राहिली आणि डास थोडा मोठा होत राहिला.

"खराब माल गळ्यात मारला तुझ्या," नूबिया म्हणाली. मी मनात म्हटले, शाब्बास! परत कर!

पण ओल्मेदो दारातून डोकावला. "अगं वेडे, सुईतून सरळ घेतेस होय? ॲम्प्लिफायरच्या मागे बघ, टेपरेकॉर्डरसाठी दोन भोकं असतील. आवाज तिथून घे."

टेपरेकॉर्डर मेला तरी त्याची भोके माझ्या मुळावर उठली. मार्लेनीने फिरतीची वायर होती तिथे परत लावली आणि डबी त्या भोकांना जोडली. आता माझ्यातूनही आवाज आला आणि पपईतूनही. ती पपई घेऊन बोळातून मागे गेली, आणि थोड्या वेळाने मागून एव्हेलिओच्या हसण्याचा आवाज आला. घसरल्यापासून तो हसला नव्हता.

"म्हातारे!" तो ओरडला. "अगं, ट्रम्पेटवाला माझ्या उशाशी बसलाय!"

नूबियाने पदराने डोळे पुसावेत तसे ॲप्रनने पुसले. मला आनंद व्हायला हवा होता की नाही, सांगा. माझा धनी हसला होता. पण मी फक्त एवढाच विचार केला की तो माझ्यामुळे हसला नाही. आणि फिरती आता दोघांशी बोलत होती.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. मला फिरतीचे बोलणे वायरीतून येते, तत्क्षणी. पपईला ते डबीतून, हवेतून जाते आणि ती ते आधी पोटात घोळवते, मग बोलते. डोळ्याची पापणी लवावी एवढाच उशीर. पण पंचेचाळीसच्या वेगात एका पापणीत ताल कुठल्या कुठे जातो. मी मनाशी म्हटले, होऊ दे फजिती. वाट पाहू.

पुढच्या रविवारी सगळे जमले. मार्लेनीने माझ्या खिळ्यावरची घंटा काढून मागे नेऊन दिली. एव्हेलिओ उशीला टेकून बसला होता, दार सताड उघडे होते. रेकॉर्ड सुरू झाली. मी त्या दिवशी छाती फोडून वाजलो. मुद्दाम. पपईचा आवाज बोळातून बाहेर येऊच नये, इतका. आणि तो आला नाही. माझ्या गोंगाटातून पलीकडचे फक्त एकच ऐकू येत होते, ते म्हणजे घंटा. घंटेचा आवाज कशालाही भेदून येतो.

आणि घंटा चुकत होती.

थोडीशी नव्हे, चांगलीच. माझ्या तालाच्या मागून, प्रत्येक ठोक्याला मागून. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकू लागले. मार्लेनी थांबली. कोणी कोणाकडे पाहीना.

"झोपून वाजवतोय ना," ओल्मेदो हळूच म्हणाला. "हात आखडला असेल."

"औषधं चालू आहेत," नूबिया म्हणाली. "गुंगी येते."

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. एव्हेलिओ बिलकूल चुकत नव्हता. त्याच्या उशाशी जे वाजत होते त्याच्याशी तो चोख होता. उशीर पपईचा होता आणि नाव त्याचे जात होते. मला वाटले होते की लोक पपईला दोष देतील. पपईवर कोणाला संशयच आला नाही. नवीन वस्तूवर कोण संशय घेतो? संशय म्हाताऱ्या माणसावर जातो.

पुढचा रविवारही तसाच गेला. त्या दिवशी गाण्याच्या मध्येच ओल्मेदो हसला. वाईट हेतूने नव्हे. पण बोळातून हसणे दोन्ही बाजूंना जाते. घंटा थांबली. जरा वेळाने एव्हेलिओने मार्लेनीला हाक मारली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात घंटा होती आणि दांडी होती.

"ओल्मेदोकाका, बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलीय."

"मला? कशाला?"

"म्हणाले, नियम म्हणजे नियम. हात गेला म्हणाले."

ओल्मेदोने घंटा घेतली. नूबिया स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी काही घासत नव्हती, नुसता नळ वाहत होता. मी त्या दिवशी उरलेली गाणी वाजवली. वाजवली म्हणजे काय, आवाज काढला.

त्यानंतर आठवडाभर एव्हेलिओने पपई लावू दिली नाही. जेवण अर्धे परत येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, बसायचा सराव करा. तो भिंतीकडे तोंड करून निजला. मार्लेनी म्हणाली, "बाबा, निदान गाणी तरी ऐका," तर म्हणाला, "ऐकली की हात वाजवायला जातो. नको." मी बाहेर कुंडी डोक्यावर घेऊन उभा होतो. पपई मागे कोनाड्यात गप्प बसली होती. मला जे हवे होते ते सगळे झाले होते. फिरती पुन्हा माझ्या एकट्याची झाली होती. आणि मला तिचा शब्द गोड लागेना.

त्या पुढच्या रविवारी त्याचा वाढदिवस होता, ऐंशीवा. नूबियाने ठरवूनच टाकले. त्याला न विचारता तिने पपई त्याच्या उशाशी ठेवली आणि तिचा दिवा लावला.

"म्हाताऱ्या, ऐंशी वर्षांच्या माणसाच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता चालायची नाही. वाजवू नकोस. ऐक फक्त."

घर भरले. पानदेबोनो म्हणजे चीजच्या गरम पावांच्या टोपल्या आल्या, लुलाडा सरबताचे ग्लास फिरले. चार वाजता डोंगरावरून वारा उतरला आणि पडदे फुगले. घंटा ओल्मेदोच्या हातात होती, पण तो ती मांडीवर ठेवून बसला होता. मार्लेनीने पंचेचाळीसवर रेकॉर्ड लावली. तीच, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या रविवारी माझ्या पोटातून निघालेली.

अर्धे गाणे झाले असेल. मागून एक बारीक आवाज येऊ लागला. टिंग, टिंग. तो चमचा होता. एव्हेलिओ औषधाच्या चमच्याने पाण्याच्या ग्लासावर वाजवत होता. हळू, कोणाला कळू नये असा. त्याच्याने राहवले नसेल.

आणि तो ठोका माझ्या तालाच्या मागून येत होता, पूर्वीसारखाच.

एका पाहुण्याने ओठ दाबून हसू आवरले. नूबियाने ते पाहिले. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिने मान खाली घातली. मी तिला माझ्यापायी रुसलेली पाहिली आहे, भांडताना पाहिली आहे, बाळंतपणानंतर मला टेकून झोपलेली पाहिली आहे. मान खाली घातलेली कधी पाहिली नव्हती.

मला बोलता येत नाही. फिरती जे सांगेल तेच मी बोलतो. मी ओरडून सांगू शकलो असतो तर सांगितले असते, की अरे मूर्खांनो, तो बरोबर आहे! पण आता मला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. तेवढीच आयुष्यभर मी कधी केली नव्हती.

मी वायर सोडली.

सोपे नव्हते ते. ढोलाचा एक जोरदार तुकडा आला, तेव्हा मी नेहमीसारखे अंग आवळले नाही. सैल सोडले. पाठीचा स्क्रू एक वेढा फिरला, मग आणखी अर्धा. वायर स्वतःच्याच वजनाने खाली ओढली गेली. सुटताना फिरतीचा अर्धा शब्द माझ्यात राहिला. मग मी रिकामा झालो.

बाहेरच्या खोलीत एकदम शांतता पसरली. नाचणारे जिथल्या तिथे उभे राहिले. कोणी म्हणाले, "वीज गेली?" पण रेकॉर्ड फिरत होती. आणि मग त्या शांततेत, बोळातून, लांबून, गाणे आले. पपईचे गाणे. बारीक पण स्वच्छ. आणि गाण्याच्या बरोबर मध्ये, एका केसाचाही फरक नाही असा, ग्लासावरचा चमचा.

मार्लेनीचा एक पाय अजून हवेत होता. तिने तो चमच्याच्या ठोक्यावर खाली टेकवला. मग दुसरा.

"आई," ती म्हणाली. "आई, ऐक. ऐक ना."

"काय ऐकू?"

"बाबा तालात आहेत."

ओल्मेदो उठला. बोळात शिरला, मध्यावर थांबला, मान तिरकी करून ऐकत राहिला. परत आला आणि माझ्याकडे बघू लागला. मग फिरतीकडे, मग त्या काडेपेटीएवढ्या डबीकडे. पन्नास वर्षे बस चालवलेला माणूस. वीज चमकते आधी आणि गडगडते नंतर, हे त्याने काचेतून कितीदा पाहिले असेल.

"त्या पोराला उशिरा पोचतंय," तो म्हणाला. "मागच्या त्या स्पीकरला. हा पुढे पळतोय आणि तो मागून येतोय. एव्हेलिओ त्याच्याबरोबर वाजवतोय आणि आपण याच्याबरोबर नाचतोय."

"म्हणजे?" नूबियाने विचारले.

"म्हणजे वहिनी, तुमचा नवरा तिन्ही रविवार बरोबर होता. आणि मी गाढवासारखा हसलो."

त्याने घंटा दोन्ही हातांनी उचलली, प्रसाद न्यावा तशी, आणि बोळातून मागे निघाला. त्याच्यामागे सगळे गेले. मी एकटा राहिलो. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही, फक्त ऐकले.

"घे."

"नियम आहे, ओल्मेदो."

"नियम मोडत नाहीये. माझा ताल सुटला, मी पुढच्याला देतोय. घे म्हणतो ना, थेरड्या."

मग घंटा वाजली. एव्हेलिओची. घट्ट, कोरडी, सरळ. मागच्या त्या अरुंद खोलीत, खाटेच्या भोवती, बोळात, अंगणात, जिथे जागा मिळेल तिथे माणसे नाचू लागली. पत्रे हादरले. पन्नास वर्षांत प्रथमच या घरातला नाच माझ्यासमोर नव्हता.

जळलो का? जळलो. खोटे कशाला बोलू? ती पपई त्याच्या उशाशी बसून मिरवत असणार, आणि मी, ज्याच्या अंगाला त्याच्या रंध्याची खूण आहे, तो बाहेर मुका.

तेवढ्यात नूबिया परत आली. एकटीच. बहुधा पानदेबोनोची टोपली न्यायला. तिने टोपली उचलली, मग ठेवली. माझ्या मागे वाकली आणि खाली पडलेली वायर हातात घेतली. स्क्रूवरून बोट फिरवले. तिला माहीत होते की ही वायर कधी सुटत नाही. दर आठवड्याला माझी धूळ तीच पुसते.

मला वाटले, आता ती वायर परत लावेल. तिने लावली नाही. गुंडाळून माझ्यावर ठेवली आणि माझ्या लाकडावर तळवा टेकवून काही वेळ उभी राहिली. मागे घंटा वाजत होती.

"बाई गं," ती म्हणाली, "आईचं कपाट शेवटी कामाला आलं."

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूचे तुम्ही एक ऐकाल का? आमच्यावर कुंडी ठेवू नका, पाणी झिरपते आणि लाकूड फुगते. आमचे स्क्रू अधूनमधून तपासा. आणि कोणी तुम्हाला मागे पडलेला वाटला, तालाबाहेर गेलेला वाटला, तर हसण्याआधी एकदा उठून तो बसला आहे तिथे जाऊन उभे राहा. त्याच्या कानाशी काय वाजते आहे ते ऐका. ओल्मेदोला बोळाच्या मध्यापर्यंत जायला वीस पावले लागली आणि तीन रविवार लागले. मला तर सगळे आधीच ठाऊक होते, तरी मला जास्त वेळ लागला.

एव्हेलिओ आता खाटेच्या कडेला बसतो, पाय खाली सोडून. डॉक्टर त्याला कंबरेचा व्यायाम म्हणतात, तो त्याला घंटा म्हणतो. आठवड्याचे सहा दिवस मी बोलतो. नूबिया इस्त्री करताना मला लावते आणि फिरती पूर्वीसारखी सरळ माझ्याशी बोलते. मी अजून जळतो, त्या निळ्या दिव्यावर तर फारच. पण रविवारी तीन वाजता नूबिया येते, डोक्यावरची कुंडी उचलते, माझ्या मागे वाकते आणि स्क्रू सैल करते. मी वायर धरून ठेवत नाही.